उत्तर देणाऱ्याला दंड

वाचकानं प्रश्न विचारला. संपादकानं उत्तर छापलं. आणि ते उत्तर छापलं म्हणून कोर्टानं संपादकाला २०० रुपये दंड केला.

साल १९३४, शहर मुंबई. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, मासिक 'समाजस्वास्थ्य'. आणि त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मी वीसेक वर्षं सेनगाव तालुक्यात बातमीदारी करतो. जळालेली डीपी, पीकविमा, पाणीटंचाई, सोयाबीनचा भाव, हळदीचा भाव, ग्रामपंचायतीतली भांडणं, हे आपलं रोजचं खाद्य. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला जांभेकरांचं 'दर्पण' शिकवलं, टिळक शिकवले, आगरकर शिकवले. कर्वे कुणी शिकवले नाहीत. ते मी नंतर स्वतः शोधून वाचले. आज त्यांच्यावर लिहितोय त्याला कारण आहे, आणि ते कारण आपल्याच तालुक्यातलं आहे. पण आधी माणूस समजून घ्या, मग कारणाकडं येऊ.

आपल्या गावाचं नाव बाहेर सांगितलं की लोक म्हणतात, "हां, पुसेगाव म्हणजे साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं." मग आपण सांगतो, ते नव्हे हो, हे हिंगोलीचं. रघुनाथरावांचंही जन्मभर तसंच झालं. 'कर्वे' म्हटलं की लोकांना महर्षी कर्वे आठवतात. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, महिला विद्यापीठ आणि १९५८ मध्ये भारतरत्न. रघुनाथ हे त्याच महर्षींचे थोरले चिरंजीव. बापाला देशानं डोक्यावर घेतलं. पोराला दंड केला, तोही एकदा नाही.

जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरूडचा. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळात बाळंतपणात बाई जाणं ही काही बातमी नव्हती, घरोघर तेच. मुलगा हुशार. १८९९ ला मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजात शिकून गणिताचा प्राध्यापक झाला. गणितासाठीच पुढं पॅरिसलाही जाऊन आला.

म्हणजे माणूस गणिताचा. नावापुढं डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ अशी पाटीही नाही. पण स्त्री-पुरुष संबंध, पाळणा लांबवणं, गुप्तरोग, कामवासना या विषयांवर जगात जे शास्त्रीय संशोधन होत होतं ते त्यांनी इंग्रजी-फ्रेंचमधून वाचलं आणि मराठी माणसाला मराठीत सांगायचं ठरवलं. त्या काळात आपल्याकडं या विषयाचा अभ्यासक्रम नव्हता, खातं नव्हतं, नोकरी तर नव्हतीच. अभ्यास, प्रयोगशाळा, पगार, सगळं या माणसानं स्वतःच्याच घरात उभं केलं.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी असाच दवाखाना काढला तेही १९२१ मध्येच. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागं नव्हती, ती एका मराठी माणसामुळं. १९२३ मध्ये संततिनियमनावर मराठीत पुस्तक काढलं. तेव्हा ते एका मिशनरी कॉलेजात शिकवत होते. हा प्रचार आणि ही नोकरी एकत्र चालणार नाही असं झालं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई सोबत उभ्या राहिल्या. मूल होऊ द्यायचं नाही हे दोघांनी मिळून ठरवलेलं. लोकांना सांगायचं ते आधी स्वतःच्या घरात करायचं, असा हिशेब.

१५ जुलै १९२७ ला 'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक निघाला. पुढं २६ वर्षं, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५३ ला वारेपर्यंत, त्यांनी हे मासिक चालवलं. मागं संस्था नाही, शेठ नाही, पक्ष नाही. लिहायचं स्वतः, तपासायचं स्वतः, खोट आली तर भरायची स्वतः. छोटं वर्तमानपत्र चालवणाऱ्या कुणालाही विचारा, २६ वर्षं म्हणजे काय असतं ते.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. लोक पत्रातून विचारायचे. आपण ज्या गोष्टी बायकोलाही विचारत नाही त्या लोक या अनोळखी संपादकाला विचारायचे. आणि कर्वे उत्तर द्यायचे. उपदेश नाही, टोमणा नाही, "शी, असलं विचारतात का?" असं नाही. शास्त्र काय सांगतं ते थोडक्यात आणि रोखठोक.

माणूस गोड होता असं समजू नका. हट्टी होते, जीभ तिखट होती. धर्माच्या नावानं कुणी आडवं आलं की सोलून काढायचे. त्यांनी लिहिलेलं सगळंच आजच्या विज्ञानात टिकतं असंही नाही, शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान ते. पण प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी कधी लाजवलं नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

आता खटल्यांकडं येऊ. पहिला १९३१ चा. 'व्यभिचाराचा प्रश्न' हा लेख अश्लील ठरला, १०० रुपये दंड झाला. हायकोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं. दुसरा खटला १९३४ चा. या वेळी गुन्हा काय, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण या विषयांवर लोकांनी विचारलं होतं, कर्व्यांनी सांगितलं होतं.

बाबासाहेबांनी हे वकीलपत्र का घेतलं असेल, याचा विचार करा. नुकत्याच गोलमेज परिषदा झालेल्या, पुणे करार होऊन दीड वर्ष झालेलं. देशभरातल्या दलितांचा लढा डोक्यावर. असा माणूस एका छोट्या मासिकाच्या बदनाम संपादकासाठी कोर्टात उभा राहतो. त्यांचं म्हणणं असं, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. लोकांनी शंका विचारल्या तर त्यांना उत्तर द्यायचं की नाही? की अज्ञानातच राहू द्यायचं? समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा आधार दिला.

या एलिसची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पेशानं डॉक्टर. कामजीवनाच्या मानसशास्त्रावर त्यानं खंडच्या खंड लिहिले. त्यातलं समलिंगी आकर्षणावरचं पुस्तक १८९७ मध्ये इंग्रजीत आलं. आणि १८९८ मध्ये लंडनमध्ये ते विकणाऱ्या माणसावर अश्लीलतेचा खटला झाला. म्हणजे अश्लीलतेच्या खटल्यात आधार कुणाचा दिला, तर ज्याच्या पुस्तकालाच साहेबाच्या देशात अश्लील म्हणून कोर्टात ओढलं होतं त्याचा! या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांचं जगभर हे असंच चाललं होतं.

कोर्टानं ऐकलं नाही. २०० रुपये दंड. कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही. बाबासाहेबांनीही विषय सोडला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला आणि त्याचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. ठराव पडला. १४ वर्षांनी, १९५२ मध्ये, भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जगात असं करणारा आपला देश पहिला. आपल्या भिंतीवर लाल त्रिकोण आला त्याची मुळं शोधायला गेलं तर ती कर्व्यांच्या त्या छोट्या केंद्रापर्यंत जातात. मालतीबाई १९४४ मध्येच गेल्या होत्या. त्यांना हे पाहायला मिळालं नाही.

समलिंगी आकर्षणाचं उत्तर यायला तर आणखी उशीर लागला. १९५० च्या दशकात अमेरिकेत एव्हलिन हूकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी ३० समलिंगी आणि ३० इतर पुरुष घेतले, सगळ्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि नावं झाकून त्या नामवंत तज्ज्ञांसमोर ठेवल्या. म्हणाल्या, यातले समलिंगी कोणते ते ओळखा. तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. म्हणजे ज्याला आजार म्हणत होते त्याची खूणच सापडेना. हे संशोधन १९५७ मध्ये छापून आलं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडं ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तो गुन्हा नाही असं सांगितलं. त्याआधी २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळखीचा हक्क दिला. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सांगितलं की समलिंगी माणसाला 'बदलण्याचा' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे.

१९३४ ते २०१८. ८४ वर्षं. तेव्हा आपली हिंगोली निजामाच्या राज्यात होती. निजाम गेला, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, १९९९ मध्ये आपला वेगळा जिल्हा झाला, हातात मोबाइल आला. मग प्रश्न तरी संपले का?

मी जे ऐकतो ते सांगतो. नावं, गावं सांगणार नाही, विचारूही नका.

गावात पत्रकार म्हणजे अर्धा वकील, अर्धा डॉक्टर आणि अर्धा तलाठी. लोक काहीही विचारतात. लग्नाला चार महिने झालेला एक पोरगा मला बाजूला घेऊन म्हणतो, "भाऊ, धातू जातो. शहरातल्या एका डॉक्टरनं बावीस हजाराचा कोर्स दिला. अर्धे पैसे दिले, अर्धे सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणलो. पण फरक काहीच नाही." मी त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दहा मिनिटं त्याच्याशी बोलून सांगितलं, तुला काही झालेलं नाही. या भीतीला वैद्यकशास्त्रात नावसुद्धा आहे, 'धात सिंड्रोम'. डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये ते दिलं. शरीरात बिघाड नसतो, भीती मात्र खरी असते. अशक्तपणा, उदासी, झोप न लागणं, सगळं त्या भीतीतून येतं. औषध काय, तर बऱ्याचदा नीट समजावून सांगणं हेच पहिलं औषध. दहा मिनिटं. फुकट.

एक बाई माझ्या बायकोला विचारते, "तांबी बसवली की ती छातीपर्यंत वर चढते म्हणतात, खरं का?" नाही चढत. पण या भीतीपायी तिला तीन वर्षांत दोन बाळंतपणं झाली.

एका बापाचा सवाल, "पोरगं पोरींसारखं वागतं. एका बाबाकडं नेलं, अंगारा दिला, मारायलाही सांगितलं. काय करू?" त्याला मी म्हणलो, मारू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तो भेटला. डॉक्टरांनी पोराला औषध दिलं नाही. बापालाच तासभर समोर बसवून समजावलं. आज पोरगा शिकतो, घरी येतो, जेवतो. बाप अजून पुरता पचवू शकला नाही, पण हात उचलत नाही. माझ्या लेखी ही बातमी पहिल्या पानाची. पण ती छापता येत नाही.

छापण्याचं निघालंच म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या पेपरला बातम्या द्यायचो तिथं प्रस्ताव दिला होता, की आठवड्यातून एकदा डॉक्टरांचं सदर सुरू करू. वाचकांनी नाव न देता प्रश्न पाठवायचे, सरकारी डॉक्टर उत्तर देतील, खर्च शून्य. उत्तर आलं, "आपला पेपर घरात बायका-लेकरं वाचतात. असलं नको." त्याच दिवसाच्या अंकात आतल्या पानावर जाहिरात होती. 'मर्दानी ताकद, बालपणातील चुका, खात्रीशीर इलाज, अमुक तारखेला तमुक लॉजवर शिबिर.' बायका-लेकरांना ते पान दिसत नसेल बहुधा.

बरं, ही जाहिरात कायद्याला धरून तरी आहे का? नाही. १९५४ पासून देशात आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. औषधानं कामशक्ती वाढते, गुप्तरोग बरा होतो, अशा जाहिरातींना त्यात बंदी आहे. म्हणजे कायद्यानं बंद असलेलं पैसे घेऊन छापलं जातं, आणि कायद्याला मंजूर असलेलं फुकट मिळालं तरी छापलं जात नाही. एसटीतून जाताना भिंती बघत चला. शाळेच्या कंपाउंडवर, पुलाच्या कठड्यावर, मुतारीच्या दारावर भोंदूंचे नंबर रंगवलेले आहेत. खऱ्या डॉक्टरचं उत्तर मात्र कुठंच लिहिलेलं नाही.

कर्व्यांना दंड झाला तेव्हा काहींना वाटलं असेल, बरं झालं, घाण थांबली. घाण थांबत नसते. उत्तर देणारा गप्प केला की प्रश्न मरत नाही, तो भोंदूकडं जातो. आता तर भोंदूच्याही आधी मोबाइल आहे. सातवीतल्या पोराच्या हातात असलेल्या फोनमध्ये काय काय दिसतं हे ज्या बापाला ठाऊक नाही, त्यानं जरा पोराच्या मित्रांच्या बापांना विचारावं. तिथं जे दिसतं त्यात ना इज्जत आहे, ना संमती, ना खरं शरीर. आपण शिकवलं नाही म्हणून लेकरं शिकायची थांबत नाहीत. फक्त मास्तर बदलतो.

आता येतो मूळ कारणावर.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तालुक्यातल्या एका शाळेत आरोग्य खात्याच्या ताईंनी सातवी-आठवीच्या मुलींचा तास घेतला. मुलांचा वेगळा तास एका डॉक्टरांनी घेतला. विषय काय? पाळी का येते, पॅड कसं वापरायचं आणि कुठं टाकायचं, अंगात रक्त कमी असेल तर काय खायचं, वयात येताना मुलांच्या शरीरात काय बदल होतात, कुणी नको तिथं हात लावला तर काय करायचं, १०९८ हा नंबर कशाचा. एवढंच. दुसऱ्या दिवशी चार माणसं हेडमास्तरांकडं गेली. "लेकरायला बिघडवायला लागलात का?" पुढचे तास बंद. त्या चौघांतल्या एकाच्याही घरची मुलगी त्या वर्गात नव्हती. आई-बापांना कुणी विचारलंच नाही.

यात नवीन काही नाही. २००७ मध्ये आपल्या राज्यानंच शाळेतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध होताच तो थांबवला होता. कारण तेच, संस्कृती. मुलं बिघडतील ही भीती मी समजू शकतो, मीही दोन लेकरांचा बाप आहे. पण या भीतीवर जगभर अभ्यास झाले आहेत. युनेस्कोनं २०१८ मध्ये ते एकत्र मांडले. निष्कर्ष असा, की असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर संबंधांकडं वळत नाहीत. उलट शहाणी होतात, जपून वागतात.

शिकवलं नाही तर काय होतं ते मात्र मी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं आहे. पोक्सो कायदा २०१२ चा. कडक आहे. पण कायद्याची सुरुवात लेकराच्या तोंडून होते. लेकरू सांगतं, "त्यानं तिथं हात लावला." "तिथं म्हणजे कुठं?" लेकरू खाली बघतं. आई खाली बघते. त्या अवयवाचं नाव त्या घरात कुणी कधी घेतलेलंच नसतं. शिवी म्हणून घेतलं असेल तेवढंच. ज्या लेकराला शब्दच दिला नाही ते तक्रार कशी देणार? हे शरमेचं नाही, पुराव्याचं प्रकरण आहे.

आणि संस्कृतीवाल्यांना एक विचारतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. मराठवाड्यातले काही जिल्हे याच्या कितीतरी पुढं आहेत. नववीतल्या पोरीचं लग्न लावताना ती लहान नसते, आणि त्याच पोरीला पाळीबद्दल सांगायचं म्हटलं की ती लहान होते. हा कुठला हिशेब? हळद लावायला चालते, माहिती द्यायला चालत नाही?

आता काय करायचं ते सांगतो, नुसतं रडगाणं नको.

एक. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात कमीत कमी तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. ही समिती कागदावर ठेवू नका. तास सुरू ठेवायचा की नाही हे चार माणसांनी केबिनमध्ये ठरवायचं नसतं, ते समितीत आई-बापांनी ठरवायचं. विरोध असेल तर तोही तिथंच मांडा. काय शिकवणार ते आधी बघायला मागा. तो तुमचा हक्कच आहे.

दोन. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. आपल्या जवळ ते कुठं आहे, कुठल्या वारी उघडं असतं, समुपदेशक जागेवर असतो का, हे विचारा. बंद असेल तर मला सांगा, बातमी करणं माझं काम.

तीन. मन लागत नसेल, भीती वाटत असेल, कुणाला सांगता येत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची गरज नाही. लेकरावर अत्याचार होत असेल तर १०९८. भिंतीवरच्या भोंदूच्या नंबराशेजारी हे दोन नंबर रंगवायचा खर्च मी करतो, जागा तुम्ही द्या.

चार. बापांनो, पोराशी बोला. एकदम सगळं नाही. मिसरूड फुटली, आवाज फुटला, रात्री कपडे ओले झाले, हे सगळ्यांचं होतं, तुझ्या बापाचंही झालं होतं, एवढं एक वाक्य बोललं तरी त्याचे उद्याचे बावीस हजार वाचतील.

कुणी म्हणेल, एवढ्याशा तासासाठी एवढं लांबलचक लिहायची काय गरज होती? गरज अशी, की अशा छोट्या गोष्टी कुणी मोठा आवाज न करता बंद पडतात. मोर्चा निघत नाही, बातमी होत नाही. ताई दुसऱ्या शाळेत जातात, डॉक्टर ओपीडीत जातात, आणि आठवीतली पोरगी पहिल्या पाळीला आपल्याला कॅन्सर झाला असं समजून रात्रभर रडते. हेही मी बनवून सांगत नाही, त्या वर्गातल्या एका मुलीनं ताईंना स्वतः सांगितलेलं आहे.

रघुनाथरावांवर पुढं अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' नावाचा सिनेमा काढला. त्यांच्या खटल्यांवर अजित दळवींनी नाटक लिहिलं, अतुल पेठ्यांनी बसवलं, नाव 'समाजस्वास्थ्य'च. मिळालं तर जरूर बघा. आज लोक टाळ्या वाजवतात. हयात असताना त्यांच्या वाट्याला आलेल्या टाळ्या मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

येत्या जूनमध्ये शाळा उघडली की त्या शाळेच्या समितीची बैठक आहे. तास पुन्हा सुरू करा, असा अर्ज काही आयांनी दिला आहे. सह्या अकरा आहेत, त्यातले तीन अंगठे. मी वार्ताहर म्हणून जाणार आहे, ज्यांची लेकरं त्या शाळेत आहेत त्यांनी पालक म्हणून या. विरोधात बोलायचं असेल तरी या, पण लेकरांच्या आईसमोर बोला.

कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. आपल्याला कुणी दंड करणार नाही. आपल्याला फक्त बैठकीला हजर राहायचं आहे.